सागरविहाराचीं जहाजें : कोणतें कोणासाठीं ?

आपल्याकडे ‘बोटीनें जाणें’ ह्या शब्दप्रयोगांत कोठें तरी पोहोंचणें हा अर्थ पूर्वीं गृहीतच असे. कोंकणांतला चाकरमानी शिमग्याला बोटीनें जाई तो घर गांठण्यासाठीं, आणि बॅरिस्टर होण्याकरितां निघालेला तरुण पी. अँड ओ. कंपनीच्या आगबोटीवर पाय ठेवी तो विलायतेस उतरण्यासाठीं. बोट हें साधन होतें. त्या साधनाशीं आपला संबंध शक्य तितक्या लवकर संपावा अशीच बहुतेकांची इच्छा असे. कारण बोट म्हटली कीं ‘बोट लागणें’ हें तिच्या मागोमाग आलेंच! आज मात्र जगांत दरवर्षीं तीन कोटींहून अधिक माणसें अशा जहाजांवर चढतात, आणि त्यांतील पुष्कळशीं ज्या धक्क्यावरून निघालीं त्याच धक्क्यावर आठ दिवसांनीं परत उतरतात. कोठेंहि पोहोंचण्याची त्यांना निकड नसते. ह्या नव्या प्रकाराला इंग्रजींत क्रूझ म्हणतात. आपण सागरविहार म्हणूं.

अशा विहाराचा बेत घरांत निघाला कीं पहिला प्रश्न येतो, “कोणत्या कंपनीची बोट चांगली ?” प्रश्न साधा दिसतो, पण “कोणतें घर चांगलें ?” ह्या प्रश्नाइतकाच तो अपुरा आहे. दहा जणांच्या गोतावळ्याला जें घर सोयीचें तें एकांत शोधणाऱ्या वृद्ध दांपत्याला जाचक होईल. जहाजाची लांबी, मजल्यांची संख्या, पोहण्याचे तलाव किती, हे आंकडे जाहिरातींत ठळक अक्षरांनीं छापलेले असतात. परंतु त्यांवरून तेथले दिवस कसे जातील ह्याची फारशी कल्पना येत नाहीं. माझ्या मतें ग्राहकानें त्याऐवजीं निराळाच प्रश्न विचारावा : ही कंपनी पैसा मिळविते कशावर ? तिकिटावर, कीं तिकीट घेऊन माणूस आंत आल्यानंतर त्याच्या खिशांतून जें निघतें त्यावर ? जहाजावरचें वातावरण, तेथली बडदास्त आणि करमणुकीचे प्रकार हीं तिन्ही बऱ्याच अंशीं ह्या एका गोष्टीवरून ठरतात.

अगदीं आरंभीं कंपन्यांना पैसा मिळे तो टपालाचा. हॅलिफॅक्सच्या सॅम्युएल क्यूनार्ड ह्या व्यापाऱ्यानें १८३९ सालीं ब्रिटिश सरकारशीं अटलांटिकपार टपाल नेण्याचा करार केला, आणि १८४० च्या जुलैंत त्याची ‘ब्रिटानिया’ ही आगबोट लिव्हरपूलहून निघाली. टपाल वेळेवर पोहोंचविणें हें मुख्य कर्तव्य. प्रवासी हें दुय्यम उत्पन्न. १८४२ च्या जानेवारींत कादंबरीकार चार्ल्स डिकन्स ह्याच बोटीनें अमेरिकेस गेला आणि आपल्या खोलीच्या इवलेपणाची त्यानें मनसोक्त थट्टा केली. टपालाची थैली अशी तक्रार करीत नाहीं, हें कंपनीचें भाग्य म्हणावयाचें ! पुढें हँबुर्ग-अमेरिका कंपनीच्या आल्बर्ट बालिन ह्यास एक अडचण जाणवली. हिंवाळ्यांत अटलांटिकवर प्रवासी कमी, आणि एवढें मोठें जहाज नुसतें उभें. त्यानें १८९१ च्या जानेवारींत ‘ऑगुस्टा व्हिक्टोरिया’ हें जहाज २४१ प्रवाशांसह भूमध्यसमुद्राच्या सहलीस काढलें, तें केवळ हिंडविण्यासाठीं. सागरविहाराचा धंदा तेथून रुजला. तरीहि पुढें साठ-सत्तर वर्षें तो जोडधंदाच राहिला. १९५८ सालीं जेट विमानें अटलांटिक ओलांडूं लागलीं, आणि पोहोंचण्यासाठीं बोटीनें जाणारा माणूस बघतां बघतां नाहींसा झाला. जहाजें उरलीं, गिऱ्हाईक गेलें. तेव्हां ज्यांना धंदा करावयाचा होता त्यांना बोटीनें जाण्याचें नवें कारणच निर्माण करणें भाग पडलें.

हें कारण सर्वांत धीटपणें ज्यानें निर्माण केलें तो टेड ॲरिसन. १९७२ सालीं त्यानें कार्निव्हल कंपनी काढली ती एका जुन्या जहाजावर. नांव ‘मार्दी ग्रा’. पहिल्याच सफरींत तें मायामी बंदराबाहेर वाळूंत रुतलें. ज्याची सुरुवात अशी त्या कंपनीचें पुढें काय होणार, असें कोणासहि वाटलें असतें. पण कार्निव्हलनें एक गोष्ट ओळखली : प्रवाशाला बंदरें दाखविण्यापेक्षां जहाज हेंच त्याच्या सहलीचें ठिकाण करावें. दिवसभर गाणें, खाणें, पेय, जुगाराचे खेळ. पोशाखाचें बंधन थोडें आणि तिकीट स्वस्त. आज हीच मंडळी जगांतील सर्वांत मोठ्या सागरविहार-समूहाची मालक आहे. गमतीची गोष्ट अशी कीं ज्या क्यूनार्डनें टपालाच्या शिस्तींत आपला संसार उभा केला ती कंपनीहि १९९८ पासून ह्याच समूहाच्या हातीं आली. एकाच यजमानाच्या दोन घरांत एकीकडे सनईचौघडा आणि दुसरीकडे ढोलताशा, असा हा प्रकार. ह्यावरून एक दिसतें : जहाजावरचें वातावरण आपोआप जमून येत नाहीं. कोणत्या गिऱ्हाइकाला कोणती हवा मानवेल हें पाहून तें मुद्दाम घडविलेलें असतें, आणि म्हणूनच तें आधीं ओळखतां येतें.

क्यूनार्डचें ‘क्वीन मेरी २’ हें जहाज घेऊं. २००४ च्या जानेवारींत तें पहिल्या सफरीला निघालें. लांबी ३४५ मीटर, प्रवासी सुमारें २,७००. उत्तर अटलांटिकच्या लाटांसाठीं बांधलेलें असल्यामुळें त्याचें पुढील टोंक लांब व निमुळतें आहे. इंग्लंडांतील साउदम्प्टन आणि न्यूयॉर्क ह्यांच्या दरम्यान तें वर्षांतून अनेक वेळां ये-जा करतें. एका खेपेस बहुधा सात रात्री लागतात, आणि वाटेंत सामान्यतः एकहि बंदर येत नाहीं. आतां सात रात्री पाण्याशिवाय कांहीं दिसावयाचें नाहीं, मग माणसानें करावें काय ? ह्या प्रश्नाचें क्यूनार्डचें उत्तर विलक्षण आहे. जहाजावर हजारों ग्रंथांचें वाचनालय आहे, समोर समुद्राकडे तोंड केलेल्या खुर्च्या आहेत. समुद्रावरील पहिलें तारामंडळ ह्याच जहाजावर उभारलें गेलें. सकाळीं विद्वानांचीं व्याख्यानें होतात. दुपारीं साडेतीनच्या सुमारास पांढरे हातमोजे घातलेले सेवक चहा आणि लहान लहान खाद्यपदार्थ घेऊन रांगेनें येतात. आणि रात्रीं भव्य नृत्यशाळेंत वाद्यवृंदाच्या साथीनें जोडपीं नाचतात. पश्चिमेकडे जातांना पांच रात्रीं घड्याळ एकेक तास मागें सरकतें, म्हणजे पंचवीस तासांचा दिवस मिळतो. परतींत मात्र हे तास एकेक करून परत द्यावे लागतात ! ज्याला घरीं पुस्तक हातीं घ्यावयास सवड नाहीं त्याला ह्या प्रवासासारखें सुख दुसरें नसेल. आणि ज्याला दर तासाला नवें कांहीं पाहिजे त्याला तो तिसऱ्या दिवशीं तुरुंगवास वाटेल.

ह्या जहाजावर दोन गोष्टी लक्षांत ठेवाव्या. पहिली पोशाखाची. सायंकाळीं सहानंतर नीटनेटका वेष अपेक्षित असतो, आणि सात रात्रींच्या खेपेंत साधारण दोन रात्रीं समारंभाचा वेष करावा लागतो. आपल्या लोकांना ह्याची भीति वाटते, पण तिचें कारण नाहीं. बंद गळ्याचा कोट किंवा जरीची साडी हा पोशाख तेथें कोणासहि कमी वाटणार नाहीं. उलट भाड्याच्या काळ्या सुटांतल्या चारचौघांपेक्षां पैठणीच अधिक शोभेल. दुसरी गोष्ट वर्गभेदाची. जुन्या आगबोटींवरचा पहिला, दुसरा आणि तिसरा वर्ग कागदोपत्रीं गेला, तरी खोलीच्या भाड्यावरून भोजनगृह ठरविण्याची पद्धति क्यूनार्डनें राखली आहे. महागड्या खोल्यांतील मंडळी निराळ्या दालनांत जेवतात, आणि त्यांच्यासाठीं एक बैठकीची जागा व गच्ची राखून ठेवलेली असते. बाकी ग्रंथालय, नाच, व्याख्यानें सर्वांना सारखीं. ह्या जहाजावर कुत्र्यांसाठींहि कोठड्या आहेत. आणि दोन्ही देशांच्या कुत्र्यांना परकें वाटूं नये म्हणून तेथें एक इंग्रजी दिव्याचा खांब आणि एक न्यूयॉर्कच्या रस्त्यावरचा बंबाचा नळ उभा केला आहे. आदरातिथ्याची परिसीमा म्हणतात ती हीच असावी.

ह्याच्या अगदीं उलट टोंकाला रॉयल कॅरिबियन ही कंपनी आहे. १९६८ सालीं ती स्थापन झाली, आणि एकेका जहाजागणिक तिनें शहरच समुद्रावर नेण्याचा उद्योग चालविला. १९८८ सालच्या ‘सॉव्हरिन ऑफ द सीज’ ह्या जहाजांत मधोमध अनेक मजल्यांचा चौक आला; १९९९ सालीं ‘व्हॉयेजर’मध्यें बर्फावर घसरण्याचें मैदान, चढावयाची कृत्रिम दरड आणि दुकानांची पेठ आली; २००९ सालीं ‘ओअॅसिस’मध्यें तर जिवंत झाडांची बाग आली. २०२४ च्या जानेवारींत निघालेलें ‘आयकॉन ऑफ द सीज’ वीस मजली आहे. प्रत्येक खोलींत दोघेजण धरले तर त्यांत ५,६१० प्रवासी राहतात, आणि सर्व बिछाने भरले तर ७,६००. शिवाय सुमारें २,३५० नोकर. म्हणजे एका चांगल्या मोठ्या गांवाची वस्ती झाली. पोहण्याचे सात तलाव, पाण्याच्या सहा घसरगुंड्या, नाटकगृह, बर्फावरील नृत्याचे प्रयोग. मुलांना वयोमानाप्रमाणें निरनिराळीं दालनें. पुष्कळ खोल्यांच्या खिडक्या समुद्राकडे न उघडतां आंतल्या बागेकडे उघडतात. समुद्रावर येऊन समुद्राकडे पाठ करून बसणें हें मला स्वतःला विचित्र वाटतें. परंतु आजोबा, आजी, आईबाप आणि चार नातवंडें एकत्र निघालीं असतील तर प्रत्येकाचा दिवस प्रत्येकाच्या मनासारखा जाऊन रात्रीं जेवणाला सर्वांनीं एका टेबलाशीं जमावें ही सोय ह्या जहाजांइतकी दुसरीकडे क्वचितच असेल. तेव्हां नाकें मुरडण्यापूर्वीं बरोबर कोण येणार हें मोजावें.

पैशाचा प्रश्न आतां येथें उघड होतो. ह्या मोठ्या अमेरिकी कंपन्यांच्या एकूण उत्पन्नाचा सुमारें तिसरा हिस्सा तिकिटांतून येत नाहीं. तो येतो जहाजावरील मद्य, जुगार, खास भोजनगृहें, दुकानें, छायाचित्रें, किनाऱ्यावरील सहली ह्यांतून. सामान्य जेवण तिकिटांत असतें. पण दुपारच्या ध्वनिक्षेपकावरील घोषणेंत, तलावाकाठच्या सेवकाच्या हंसतमुखांत आणि जेवणघराकडे जाणाऱ्या वाटेवर मांडलेल्या दागिन्यांच्या दुकानांत विक्रीचा सूर असतोच असतो. कोणी फसवीत नाहीं. परंतु स्वस्त तिकिटाची किंमत अशी हप्त्याहप्त्यानें वसूल होते, आणि त्याबरोबर जहाजावरची शांतताहि खर्चीं पडते. कार्निव्हलच्या बोटींवर तर शांतता कोणी शोधीतच नाहीं. त्यांच्या नव्या ‘मार्दी ग्रा’वर २०२१ पासून गच्चीवर रुळांवरून धांवणारा पाळणाहि आहे. तलावाकाठीं मोठ्यानें गाणीं चाललेलीं असतात; केंसाळ छातीची स्पर्धा हा तेथला फार दिवसांचा आवडता कार्यक्रम आहे ! सभ्य कुटुंबांनीं भिण्यासारखें त्यांत कांहीं नाहीं. मात्र ज्याला लग्नघरांतला गलबला सोसवत नाहीं त्यानें तेथें जाऊन चेहरा पाडून बसूं नये.

आंकड्यांवर ज्यांचा विश्वास असेल त्यांच्यासाठीं एक सोपा हिशेब सांगतों. जहाजाचा जो ‘टनेज’ म्हणून आंकडा देतात तें त्याचें वजन नव्हे. आंतील बंदिस्त जागेचें तें माप आहे. त्याला प्रवाशांच्या संख्येनें भागावें, म्हणजे माणशीं जागा किती हें कळतें. आयकॉनचें टनेज २,४८,६६३. माणशीं सुमारें ४४ आलें. क्वीन मेरीचें माणशीं सुमारें ५५ येतें, आणि नव्या मार्दी ग्राचें सुमारें ३४. म्हणजे जगांतील अतिप्रचंड जहाजावर तुम्हांस अधिक जागा मिळेल असें मुळींच नाहीं. मुंबईच्या चाळीपेक्षां वाडीवरचें घर लहान असूनहि ऐसपैस वाटतें, त्यांतलाच हा प्रकार. अर्थात् हा हिशेब दोघांच्या खोलीवर केलेला आहे. शाळांच्या सुट्टींत खोलीखोलींत चौघे भरले कीं तो आणखी आकसतो.

तिकिटावरच मुख्यतः पोट भरणारी कंपनी कशी असते तें पाहावयाचें तर व्हायकिंग पाहावी. तोर्स्टेन हागेन ह्या नॉर्वेजियन गृहस्थानें नद्यांवरील बोटींचा धंदा अगोदर केला आणि २०१५ सालीं ‘व्हायकिंग स्टार’ हें पहिलें समुद्रावरचें जहाज काढलें. प्रवासी ९३०, नोकर त्यांच्या निम्मे. जुगारखाना नाहीं, अठरा वर्षांखालील मुलांस प्रवेश नाहीं, समारंभाचा पोशाख नाहीं. प्रत्येक खोलीला सज्जा असतो. बहुतेक प्रत्येक बंदरांत एक सहल तिकिटांतच धरलेली असते. सायंकाळीं इतिहासाचा जाणकार दुसऱ्या दिवशींच्या गांवाविषयीं बोलतो. तिकीट अर्थातच महाग, परंतु आंत गेल्यावर पाकिटाला हात घालण्याचे प्रसंग थोडे. दोन्ही हिशेब कागदावर शेजारीं मांडले तर अंतर पहिल्यानें वाटलें तेवढें राहत नाहीं. निवृत्त प्राध्यापक, वैद्य, वकील ह्यांना ही हवा मानवते. माझा एक आक्षेप मात्र आहे : चोहोंकडे आपल्याच वयाचीं आणि आपल्याच मतांचीं माणसें पाहून दहाव्या दिवशीं एखाद्या रडणाऱ्या पोराची आठवण येण्याचा संभव आहे.

आणि ज्यांना करमणूकच नको, समुद्र पाहिजे, त्यांनीं नॉर्वेच्या किनाऱ्यावरील टपालमार्गाची चौकशी करावी. १८९३ सालीं कप्तान रिखार्ड वित ह्यानें ‘वेस्टेरालेन’ ह्या आगबोटीनें तो सुरू केला. हुर्तिग्रूतेन म्हणजे जलद मार्ग. बर्गेनहून उत्तरेस किर्केनेसपर्यंत चौतीस बंदरें; जाऊन येऊन बारा दिवस. नॉर्वेच्या सरकारशीं त्याचा करार आहे, आणि २०२१ पासून हाव्हिला ही दुसरी कंपनीहि त्यांत वांटेकरी आहे. रात्रीं दोन वाजतां बोट एखाद्या लहानशा धक्क्याला लागते, माल उतरतो, शेजारच्या गांवीं निघालेली एखादी आजीबाई पिशवी घेऊन चढते, आणि पंधरावीस मिनिटांत दोर सुटतो. नाचगाणीं नाहींत, जुगार नाहीं. ध्रुववृत्त ओलांडतांना प्रवाशांच्या मानेवरून बर्फाचे तुकडे आंत सोडतात, ही काय ती तेथली मोठी चैन ! हिंवाळ्यांत आकाशांत उत्तरध्रुवप्रकाश दिसूं लागला तर मध्यरात्रींहि ध्वनिक्षेपकावरून वर्दी मिळते आणि सर्वजण अंथरुणांतून उठून गच्चीवर धांवतात. हिचा पैसा थोडा मालाचा, थोडा सरकारचा, थोडा तुमचा. म्हणून तुमच्या मागें लागण्याचें तिला कारण नसतें. आपल्या जुन्या कोंकण-बोटीची जात हिच्याच जवळची.

आतां बडदास्तीविषयीं. चांगली सरबराई म्हणजे लवून केलेला नमस्कार नव्हे. आपली संवय दुसऱ्यानें लक्षांत ठेवणें ही खरी सरबराई. जुन्या पद्धतींत रोज रात्रीं ठराविक वेळीं ठराविक टेबल असे, आणि तेथला वाढपीहि ठराविक. आपण कांदा खात नाहीं हें त्याला दुसऱ्या दिवशीं सांगावें लागत नसे. नॉर्वेजियन क्रूझ लाइन ह्या कंपनीनें २००० सालीं हें बंधन तोडलें. वाटेल तेव्हां, वाटेल तेथें जेवावें. स्वातंत्र्य मिळालें, पण वाढपी रोज नवा आला आणि कांद्याची कथा रोज पहिल्यापासून सांगणें आलें. डिस्ने कंपनीनें १९९८ सालीं आपल्या पहिल्या जहाजावर ह्यांतून नामी तोड काढली : कुटुंब रोज निराळ्या भोजनगृहांत जातें, आणि त्याच्याबरोबर त्याचे वाढपीहि त्या भोजनगृहांत जातात ! तिसऱ्या रात्रीं लहान मुलाच्या पुढ्यांत त्याच्या आवडीचा पेला न मागतां येतो. कंपनी मुलांची म्हणून प्रसिद्ध, पण सेवकांची योजना करण्यांत तिनें मोठ्यामोठ्यांस धडा घालून दिला आहे.

ही सरबराई करणारे हात कोणाचे, हें मात्र जाहिरातींत छापलेलें नसतें. ते फिलिपिनो, इंडोनेशियन आणि पुष्कळ ठिकाणीं आपले असतात. ब्रिटिश कंपन्यांच्या बोटींवर गोंवेकर खानसामे, बटलर आणि वादक पिढ्यान् पिढ्या चाकरीस होते. दोन सफरींच्या मधल्या काळांत मुंबईंत धोबीतलाव-माझगांवकडे आपापल्या गांवाच्या ‘कुडां’त ते उतरत. आजहि गोंव्यांतून आणि मुंबईंतून तरुण मुलें व मुली ह्या जहाजांवर जातात. करार बहुधा सहा ते नऊ महिन्यांचा; तेवढ्या काळांत साप्ताहिक सुट्टी अशी नसते, आणि दिवसाचें काम दहा-बारा तासांचें. जहाजें नोंदलेलीं असतात पनामा, बहामा, बर्म्यूडा किंवा माल्टा येथें, आणि कामगारांचा कायदाहि मुख्यतः त्या निशाणाबरोबर जातो. खलाशांच्या श्रमाविषयींचा आंतरराष्ट्रीय करार २००६ सालीं झाला व २०१३ च्या ऑगस्टपासून अंमलांत आला. त्याप्रमाणें चोवीस तासांत दहा आणि आठवड्यांत सत्त्याहत्तर तास विश्रांति ही किमान मर्यादा ठरली. ही किमान मर्यादा आहे हें विसरूं नये : दिवसाला चौदा तास काम घेतलें तरी त्या दिवसापुरता नियम पाळला गेला असें होतें.

म्हणून बक्षिसीचा प्रश्न हा केवळ शिष्टाचाराचा नाहीं. बहुतेक अमेरिकी कंपन्या माणशीं दर दिवशीं साधारण १६ ते २० डॉलर बक्षिसी म्हणून आपण होऊन बिलांत धरतात. चौघांच्या कुटुंबाला आठवड्याचे ह्या खातीं पांचशें डॉलरच्या आसपास पडतात. पुष्कळ कंपन्यांत ती रक्कम काउंटरवर जाऊन काढून टाकण्याची मुभा असते, आणि आपले कांहीं लोक ती काढवून घेतल्याचें अभिमानानें सांगतात. त्यांनीं एवढें ध्यानांत घ्यावें कीं त्या पैशांतला वाटा रोज खोली झाडणाऱ्याला, ताट मांडणाऱ्याला आणि पुष्कळदां पडद्यामागें राबणाऱ्यालाहि जातो. घरीं जाणारी मनीऑर्डर त्यांतूनच भरते. कंपनीनें पगारच पुरेसा द्यावा आणि तिकिटांत तो धरावा, हें न्यायाचें होईल; कांहीं कंपन्या तसें करतातहि. तें सर्वत्र होईपर्यंत बक्षिसी हा तिकिटाचाच भाग समजून अंदाजपत्रकांत आरंभींच मांडावी.

मुंबईहून निघणाऱ्या विहाराची हकीकत थोडक्यांत. कोस्ता ह्या इटालियन कंपनीनें २०१६ च्या डिसेंबरपासून कांहीं हंगाम येथून मालदीवच्या सफरी केल्या. २०१९ सालीं जलेश ही भारतीय कंपनी आली आणि २०२० च्या साथींत बुडाली. २०२१ पासून कॉर्डेलिया कंपनीचें ‘एम्प्रेस’ हें जहाज मुंबईहून गोंवें, लक्षद्वीप, कोची ह्या बाजूंना फिरूं लागलें. हें जहाज मूळचें १९९० सालचें, आणि रॉयल कॅरिबियनच्याच हातचें. शाकाहारी व जैन जेवण, हिंदी चित्रपटांचीं गाणीं, गुजराती-मराठी कुटुंबांचे मोठमोठे मेळावे, असा येथला थाट. दोन-तीन रात्रींच्या सफरींत समुद्राची ओळख होण्यापूर्वींच गोंवें येतें. परंतु बोट लागते कीं नाहीं हें अजमावण्यास हा प्रयोग स्वस्त व सोपा आहे. परदेशी जहाजांवरहि आगाऊ लेखी कळविल्यास शाकाहारी पानाची व्यवस्था होते. कळविणें महिनाभर अगोदर हवें. जहाज सुटल्यावर भाजीबाजार नसतो.

बोट लागण्याची ज्यांना धास्ती आहे त्यांनीं खोली जहाजाच्या मध्यभागीं व शक्य तों खालच्या मजल्यावर मागावी. हेलकावे तेथें कमी जाणवतात. आजच्या जहाजांना पाण्याखालीं पंखासारखे आडवे दांडे असतात, त्यांनीं आडवें डोलणें पुष्कळ कमी होतें. पुढें-मागें होणारा झोका मात्र त्यांच्यानें थांबत नाहीं.

शेवटीं एक युक्ति सांगतों. प्रत्येक जहाजावर दुसऱ्या दिवसाच्या कार्यक्रमाचें पत्रक रोज तयार होतें. कोठें तें कागदावर छापून खोलींत ठेवतात, कोठें मोबाइलवर देतात. तिकीट काढण्यापूर्वीं दलालाकडून मागच्या एखाद्या सफरीचें असें पत्रक मागून घ्यावें, आणि त्यांतहि बंदर नसलेल्या दिवसाचें. घरांतल्या सर्वांना जवळ बसवून तें मोठ्यानें वाचावें : सकाळीं दहा, दुपारीं तीन, रात्रीं नऊ. त्या त्या वेळीं आजी कोठें असतील, मुलगा कोठें असेल आणि आपण स्वतः कोठें असूं हें प्रत्येकानें सांगावें. दुपारीं तीनला सर्वांचेंच उत्तर “खोलींत” असें आलें, तर त्या दलालाला दुसऱ्या कंपनीचें पत्रक मागावें.